सड्यावर घेतलेलं नाव

१३ एप्रिल १९९८, सोमवार

॥ श्री ॥ सामान सुखरूप पोचलं. आष्ट्यापासून इथवर टेम्पोभाडं आठशे पन्नास, उतरवायला हमाली चाळीस. दोन लोखंडी कॉट, फळ्यांचं कपाट, शिवणयंत्र, ज्वारीची दोन पोती, तांदळाचं अर्धं, तिखटाच्या दोन बरण्या (एक वाटेत टिचली, तिखट चाळून घेतलं), आणि देवांचा डबा माझ्या मांडीवर. नवीन घेतलं ते कऱ्हाडात: दाराला जाड पडदा पंच्याऐंशी, कंदील सत्तर. कंदिलावरून हे वाटभर हसत होते. सबस्टेशनच्या आवारात राहायला निघालोय आणि बायको कंदील घेतेय, खात्याची अब्रू घालवणार तू, म्हणाले.

खोल्या दोन, मागं मोरी, पुढं ओटा. भाडं नाही. सबस्टेशनच्या कुंपणाला लागूनच घर, म्हणजे यांना कामावर जायला चपलासुद्धा झिजवायला नकोत. या जागेला सडा म्हणतात. डोंगराचा माथा विळीनं कापल्यासारखा सपाट, झाड म्हणून नाही, नुसता काळा कातळ आणि पिवळं गवत, आणि पश्चिमेला एकदम कडा. कातळावर पवनचक्क्या उभ्या आहेत, पांढऱ्याफेक, देवळाच्या शिखराहून उंच. मोजायला लागले आणि सोडून दिलं. अजून त्या फिरत नाहीत. त्यांची लाईन अक्षय्य तृतीयेला सुरू व्हायची आहे, आणि तिच्यासाठीच यांना बढती देऊन इथं आणलंय. एक वर्ष काढायचं, मग मिरजेकडं नाहीतर इस्लामपुराकडं बदली, असा शब्द साहेबांनी दिलाय.

देव पूर्वेला मांडले. दिवा वाऱ्यानं दोनदा गेला, मग परातीच्या आडोशाला लावला. लग्नाला नऊ वर्षं झाली, पहिल्यांदाच आमची दोघांची वेगळी चूल. मन प्रसन्न आहे.

१९ एप्रिल, रविवार

आज यांनी मला कंट्रोल रूममध्ये नेऊन सगळं दाखवलं. भिंतभर लोखंडी पॅनेल, मुठी, दिवे, आणि साहेबांशी बोलायचा काळा फोन. पॅनेलवर एक जुनं मीटर आहे, त्यात बारीक पात्यांची रांग, बाजाच्या पेटीत असते तशी. पन्नासावरचं पातं थरथरत असलं की सगळं ठीक. ते शांत होऊन शेजारचं थरथरायला लागलं की यांनी धावायचं.

वीज साठवून ठेवता येत नाही म्हणे. पंगतीत बसलेली माणसं आणि तव्यावरची भाकरी यांचा मेळ घालावा तसा सतत घालत राहायचा. खाणारे वाढले तर पातं खाली सरकतं, भाकऱ्या वाढल्या तर वर. कोळशाची वीज म्हणजे रोजची सुगरण, सांगाल तेवढ्या थापेल. वारा तसा नाही. आला तर टोपलंभर टाकून जाईल, नाही आला तर पीठसुद्धा भिजवणार नाही. मी म्हटलं, मग असली सून घरात आणायचीच कशाला. हे म्हणाले, फुकट राबते म्हणून.

दुधाचा रतीब बनुबाईकडं लावला. खालच्या वाडीतली, सत्तरीची असेल, पण घागर घेऊन सडा चढते. लिटरला अकरा म्हणत होती, दहावर आणली. बाई गमतीची आहे. तिच्या म्हशींना नावं आहेत, पण कड्यापलीकडच्या लेकाला बोलवायचं तर शीळ घालते. यांना आपरेटर म्हणते, मला वैनी. आडनावसुद्धा विचारलं नाही.

२९ एप्रिल, बुधवार, अक्षय्य तृतीया

देवाच्या दयेनं लाईन सुरू झाली. साताऱ्याहून पाहुणे आले होते, त्यांच्या बायका जरीच्या साड्यांत. इथले इंजिनिअर राजवर्धन साहेब, फलटणचे, वयानं लहान पण वागायला चांगले. त्यांनी यांच्या हातून नारळ फोडून घेतला. हे कडक इस्त्रीच्या शर्टात उठून दिसत होते. मूठ फिरवली, दिवे लागले, आणि वाराच पडला. एका यंत्राचं पातं हलेना. पाहुणे घड्याळं बघायला लागले. साहेबांचा चेहरा उतरला.

आम्ही बायका कड्याच्या बाजूला सावलीत पन्हं घेत होतो. वेळ जावा म्हणून कुणीतरी म्हणालं, आपरेटरीण बाईंनी नाव घ्यावं. मी नको नको म्हटलं, पण त्या ऐकेनात. मग पदर सावरून, कड्याकडं तोंड करून, चांगलं मोठ्यानं घेतलं:

काळ्या कातळावर उजळल्या दिव्यांच्या ओळी,
— रावांचं नाव घेते अक्षय्य तृतीयेच्या वेळी.

(नाव इथं लिहीत नाही. एकदा घेतलं तेवढं पुरे.)

आणि काय सांगावं, गालावर गार झुळूक आली. कड्याशेजारचं यंत्र हललं, मग त्याच्या पलीकडचं, मग रांगच्या रांग फिरायला लागली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. यांचं नाव घेतल्याशिवाय वारासुद्धा कामाला लागत नाही, अशी माझी थट्टा झाली. मला लाज वाटली आणि बरंही वाटलं.

बनुबाई प्रसादाला आली होती. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला, आणि घागर तिथंच टाकून खाली निघून गेली. हाक मारली तर वळली नाही.

५ मे, मंगळवार

इतके दिवस बनुबाईची सून दूध घालत होती. आज ती स्वतः आली. आत येऊन दार लावलं, खिडकी लावली, आणि मग बोलली.

“आवं वैनी, सड्यावर नाव न्हाई घ्यायचं. आमी लग्नातबी दार लावून, फटीत चिंध्या कोंबून नाव घेतो. वाऱ्याला नाव कळलं की त्यो माणूस मागतो.”

पूर्वी असं झालं की तो माणूस जेवता जेवता उठायचा आणि कड्याकडं चालत सुटायचा, म्हणाली. तिच्या थोरल्या दिराला तिनं जाताना पाहिलंय. मी म्हटलं, इथं कुणी कड्याकडं चाललेलं नाही. त्यावर ती खिडकीकडं बघत म्हणाली, “आता त्येला तारा घातल्यात न्हवं. आता ढकलून देणार न्हाई, ठिवून घेणार.”

अडाणी बोलणं म्हणून सोडून द्यावं, पण सोडवेना. मारुतीला तेल घातलं, यांच्यावरून मीठमोहऱ्या उतरल्या. यांना सांगितलं तर हसले. वारा आता आमच्याच खात्यात लागलाय, एकाच हजेरीपटावर आहोत, तो माझं काय वाईट करेल, म्हणाले.

१७ मे, रविवार

लाईन सारखी पडते. वारा झपाट्यानं येतो, झपाट्यानं जातो, पातं मागंपुढं होतं, की खालचा सगळा पट्टा अंधारात. पण एक गोष्ट राजवर्धन साहेबांच्या ध्यानात आली. लाईन पडते ती नाथाजीच्या पाळीत. नाथाजी म्हणजे दुसरा ऑपरेटर, कोरेगावचा, माणूस तसा कामाला चोख. यांच्या पाळीत पन्नासावरचं पातं सुईच्या टोकासारखं एका जागी उभं. हे झोत येण्याआधीच उठतात, झोत येईतो हात मुठीवर असतो. साहेबांनी पाठ थोपटली. मला अभिमान वाटायला हवा होता.

जेवताना विचारलं, आधी कसं कळतं तुम्हाला. यांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, “हाक येते.”

कुणाची, म्हटलं.

“वाऱ्याची. नाव घेऊन मारतो. तू त्या दिवशी घेतलंस तसंच. लाजत.”

२८ मे, गुरुवार

आष्ट्याला माझ्या थोरल्या भावाच्या, दादाच्या, नातवाचं बारसं म्हणून चार दिवसांची रजा मोठ्या मिनतवारीनं मिळवली होती. मनात होतं, एकदा खाली उतरलो की यांना आष्ट्यात ठेवून घ्यायचं, नोकरी गेली तरी चालेल. दादा रानात काम देईल. घाटाच्या दुसऱ्या वळणावर यांचा चेहरा पांढरा पडला. पोटात पोकळ वाटतंय म्हणाले. कऱ्हाडच्या स्टँडवर उतरतो तर साहेबांची जीप आमच्या आधी येऊन उभी. आम्ही सडा सोडला आणि लाईन पडली. पुन्हा पुन्हा उचलली, उभी राहीना. खाली सरकारी दवाखान्यात एक बाई टेबलावर होती, डॉक्टर बॅटरीच्या उजेडात टाके घालत होता.

साहेबांनी हात जोडले. त्या बाईचा नवरा जीपमध्येच बसून आला होता, त्यानं यांचे पाय धरले. हे जीपमध्ये बसले तसा चेहऱ्यावर रंग आला.

मी एकटी पुढं कशी जाऊ. पुढच्या तिकिटाचे पैसे वाया गेले, मीही यांच्याबरोबर सड्यावर परतले.

१० जून, बुधवार, वटपौर्णिमा

हे आता घरी येत नाहीत. कंट्रोल रूममध्येच कॉट टाकलीय, पण चादर मी अंथरली तशीच असते. नाथाजीची बदली झाली. गरजच उरली नाही म्हणे.

सड्यावर वड नाही. पाटावर गंधानं वड काढला, त्याला सूत गुंडाळलं. हाच नवरा जन्मोजन्मी दे, असं म्हणताना आपण मनात नाव घेतो. आज मनात नाव घ्यायला गेले आणि तिथं काही नव्हतं. जिभेवर आहे असं वाटतं ना, तसंही नाही. उपासानं झालं असेल.

फराळ घेऊन गेले. खोलीला खिडकी नाही, दार मी मागं लावून घेतलं. समईची ज्योत हलणार नाही इतकी हवा बंद. यांच्या शर्टाची बाही फडफडत होती. कपाळावरचे केस मागं उडत होते.

मी बाही हातात धरली. ती माझ्या मुठीत फडफडत राहिली.

१६ जून, मंगळवार

हे लिहू नये असं वाटतं. पण लिहिते.

दुपारी डबा घेऊन गेले. हे माझ्या हातचं खातात तरी अजून, तेवढीच आशा. भाकरी, वांग्याचं कालवण. दोन घास खाल्ले. बाहेर वारा पडला — यंत्रांची घरघर बंद झाली. तिसरा घास यांच्या हातात, तोंडाशी. तोंड उघडं. आणि हे थांबले.

हलवलं. हाक मारली, अहो, अहो. डोळे उघडे, पापणी लवत नव्हती. कान छातीला लावला. तिथं ठोका नाही. बाहेर ट्रान्सफॉर्मर करतो तो आवाज, बारीक.

राजवर्धन साहेब आत आले. त्यांनी बघितलं, मी शपथेवर सांगते, त्यांनी यांच्याकडं बघितलं. मग मीटरकडं बघितलं.

“वैनी, पातं बघा. वारा नाही तरी पन्नास. इतकी वर्षं आम्ही हेच शोधत होतो.”

पुढचा झोत आला आणि यांनी घास तोंडात घातला. मीठ कमी आहे, म्हणाले.

२१ जून, रविवार

बनुबाईच्या पाया पडले. ती म्हणाली, एकच वाट हाय. घर बंद कर, फटी बुजीव, उंबऱ्याच्या आत उभी राहून तीनदा नाव घिऊन हाक मार. त्यो आपल्या पायानं उंबरा वलांडून आत आला तर सुटला.

पडद्याच्या, लुगड्याच्या चिंध्या केल्या. खिडकी, दाराची फट, मोरीचं भोक, सगळं कोंबलं. उंबऱ्याशी उभी राहिले.

नाव आलं नाही.

रेशनकार्ड काढलं. कुटुंबप्रमुखाच्या रकान्यात अक्षरं आहेत. मी मॅट्रिक झालेली आहे. एकेक अक्षर दिसतं, काना दिसतो, मात्रा दिसते — वाचायला गेलं की ओठापर्यंत येईतो उरत नाही. वाळूवर पाणी ओतावं तसं.

आयुष्यभर नाव घ्यायचं नाही असं शिकवलं. अहो म्हणत आले. हे म्हणत आले.

२४ जून, बुधवार

साहेबांना गाठलं. म्हटलं, यांचं नाव सांगा. ते हसले, काय वैनी, उखाणा घ्यायचाय का. मस्टर उघडलं, बोट ठेवलं, तोंड उघडलं. तसंच उघडं राहिलं. मग मस्टर मिटून म्हणाले, आपला आपरेटर हो, आणखी काय.

रजा मागितली. बदली मागितली. राजीनामा लिहून नेला होता, तोही दाखवला. त्यावर यांची सही लागेल म्हणाले. पुढच्या वर्षी पलीकडच्या सड्यावर याच्या दुप्पट यंत्रं येणार आहेत. हे उठले तर आता तीन तालुके अंधारात जातील. दवाखाने, पाण्याच्या मोटारी, पोरांच्या परीक्षा. ते खोटं बोलत नव्हते. तेच वाईट आहे.

विचारलं, आणि ते दमले तर? साहेब म्हणाले, दमतायत कुठं.

२७ जून, शनिवार

दुसरी वाटही आहे म्हणे, बनुबाईनं सांगितली नव्हती, तिच्या सुनेनं हळूच सांगितली. दुसऱ्या कुणाचं नाव द्यायचं. वाऱ्याकडं तोंड करून, मोठ्यानं. तो बदल्यात सोडतो.

आज कड्यापाशी गेले. राजवर्धन हे नाव मला येतं. स्पष्ट येतं. ओठ उघडले.

त्यांची आई फलटणला एकटी असते. दर शनिवारी त्या फोनवर विचारतात, जेवला का रे.

गिळलं. घरी आले. देवापुढं बसले. दिवा लावायची हिंमत होत नाही — ज्योत कुणीकडं झुकते ते बघवत नाही.

१ जुलै, बुधवार

बनुबाईच्या वाडीत वीज आली. तिच्या घरात बल्ब लागला. सून पेढे देऊन गेली. बनुबाई आली नाही. वाटेवर दिसली तेव्हा तिनं खाली बघितलं. मी तिची वाट अडवली. शेवटी तीच म्हणाली, “लय उजेड पडतो गं वैनी.”

आणि निघून गेली.

३ जुलै, शुक्रवार

डबा तसाच परत. आता खात नाहीत. ओठ हलतात. जवळ गेले — मला वाटलं मला बोलवतायत — आकडे. नुसते आकडे. पन्नास. पन्नास. पन्नास.

मला ओळखलं का, म्हटलं. मान हलली. पण यंत्रं त्याच वेळी वळत होती, वारा बदलला होता — मान त्यांच्याबरोबर —

६ जुलै

बदलीचा अर्ज रजिस्टर करायला पोस्टात गेले. पूर्ण नाव लिहा, म्हणाले. संयोगिता. आणि आडनाव. मधे जागा सुटली. पोस्टमास्तर म्हणे, मधलं नाव? मी म्हटलं, मधलं नाव —

आठवेना म्हटलं तर हसले.

रजिस्टर न करताच परतले.

८ जुलै

यांचे पाय जमिनीला नाहीत. खुर्चीवर आहेत. पण जमिनीला नाहीत. बोटभर.

दार लावून आले. आतून शीळ — नाही. वारा —

माझ्या आवाजात. माझ्याच आवाजात, लाजत, कुणीतरी आत नाव घेतंय. मी दाराला कान लावला. ऐकू येतं. कळतं, हे नाव आहे. पुसट होतं लगेच —

त्याला येतं. मला येत नाही.

९ जुलै

दादा, पत्राचा कच्चा मजकूर इथं लिहिते, मग नीट उतरवून उद्याच्या टपालात घालते. बारसं कसं झालं तेही विचारत नाही, माफ कर. तू यांना दाजी म्हणत आलास, तरी लग्नाची बोलणी तू केलीस, यादी तू केलीस, मांडवात यांचं नाव पुकारलं तेव्हा तू शेजारी होतास. ट्रंकेत पत्रिका असेल. बघ. तुला वाचता येते का बघ. वहिनीला दाखव, पोरांना दाखव, कुणाला तरी येईल.

येईल त्यानं ते कागदावर लिहावं, मोठ्यानं म्हणू नये. कार्डावर लिहू नको, पाकिटात घाल, पाकीट डिंकानं नीट चिकटव. पैसे मी पाठवते. पोस्टमन सडा चढताना कार्डं वाचत येतो.

चिंध्या कोंबून ठेवल्यात. मी उंबऱ्याच्या आतच बसून आहे. तीनदा घ्यायचं आहे, तीनदाच. अजून मला त्यांचा चेहरा आठवतो, हसणं आठवतं, घाटात हसत होते ते — पण आज सकाळी डावा गाल की उजवा, खळी कुठल्या —

दादा, वेळ लावू नको. यांचं नाव काय, तेवढं उलट टपाली कळव, नुसतं नाव, मी दाराशी —